चौथ्या चॅनेलवरची किकरी

हॉस्टेलमध्ये लॅपटॉपवर पिक्चर बघणाऱ्या प्रत्येकाने हा त्रास भोगलेला आहे. गाणं लागलं की अख्खी विंग जागी होते आणि वॉर्डन मॅडम दार वाजवतात. आणि हिरोची आई मरताना काहीतरी महत्त्वाचं सांगायला लागली की चौघीजणी स्क्रीनला कान लावून, "काय म्हणाली गं? काय म्हणाली?" दोष लॅपटॉपचा नसतो, आणि त्या आईचा तर नसतोच! पिक्चरचा आवाज थिएटरसाठी सहा वेगवेगळ्या चॅनेलमध्ये बांधलेला असतो: डावा, उजवा, मधला, एक सबवूफरचा आणि दोन मागचे. डायलॉग बहुतेक सगळे मधल्या चॅनेलमध्ये. आपण जी फाईल कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून घेतो, तिच्यात हे सहा कोंबून दोन केलेले असतात. कोंबणाऱ्याने नीट कोंबले तर मधला चॅनेल ०.७०७ ने गुणून दोन्हीकडे वाटला जातो. घाईत कोंबले तर पहिले दोन ठेवून बाकीचे चार सरळ फेकून दिले जातात, आणि आई मुकी होते.

पिक्चरचं एक वेळ ठीक आहे. चांगली प्रिंट मिळते, नाहीतर सबटायटल असतातच. मला बोलायचंय ते अशा रेकॉर्डिंगबद्दल, ज्याची दुसरी प्रिंट जगात नाही.

मी इस्लापूरची. वाचकांपैकी निम्म्यांना हे नाव ठाऊक नसेल. सहस्रकुंडचा धबधबा म्हटलं की लगेच "हां हां, ट्रिपला गेलो होतो" असं येतं. तर तो धबधबा आमच्याजवळचा. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत किनवटकडे जाताना आमचं गाव लागतं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, खाली तेलंगणातलं आदिलाबाद. म्हणजे आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी, कोलामी आणि हैदराबादी हिंदी एकाच सकाळी ऐकू येते. मी स्वतः मात्र पाचवीपासून नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथे मराठीत बोललं की दंड भरावा लागायचा, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द जास्त सापडले तर मराठी विभागाच्या संपादक मंडळाने समजून घ्यावं.

पप्पांचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणे. शेवटचा धंदा आता बसलाय, पण म्हातारी माणसं अजून येतात. दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात बसले होते तेव्हा जवळच्या एका वाडीवरचे एक बाबा पेन ड्राइव्ह घेऊन आले. हे बाबा परधान. परधान म्हणजे गोंडांच्या वंशाच्या, देवांच्या, वीरांच्या कथा गाऊन सांगणारा समाज, आणि किकरी हे त्यांचं वाद्य, तीन तारांचं, गजाने वाजवायचं. पेन ड्राइव्ह लावला, त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाई, ह्याच्यात दादाचं गाणं हाय, पर माझी किकरी कुटं हाय?"

मी आवाज वाढवून ऐकलं. किकरी होती म्हटली तर होती. गाणाऱ्याच्या माईकमध्ये झिरपलेली, भिंतीपलीकडे कुणी वाजवत असल्यासारखी. तासाभराची कथा, आणि ज्या वाद्यावर ती कथा चालते तेच गायब!

हकीकत अशी की बाहेरची एक संस्था येऊन हे रेकॉर्डिंग करून गेली होती. साहित्य उत्तम होतं म्हणे. चार माईक लावले होते, शिवाय रेकॉर्डरचे स्वतःचे दोन. म्हणजे सहा चॅनेल. काही महिन्यांनी वाडीला पेन ड्राइव्ह आला, त्यात एकच फाईल, स्टिरिओ, एमपीथ्री, १२८ केबीपीएस. मी त्या लोकांना फोन केला, मेल केला. मूळ फाईल द्या, मी चॅनेल वेगळे करून घेते म्हटलं. आधी "बघतो" आलं, मग "हार्ड डिस्क भरली होती, फायनल झाल्यावर रॉ डेटा काढून टाकला" असं आलं. गाणारे दादा त्याआधीच्या उन्हाळ्यात वारले होते.

आता किकरी गेली कुठे? मूळ फाईल नसल्याने छातीठोक सांगता येणार नाही, पण सहा चॅनेलच्या फाईलचं काय होतं हे माहीत असलेला कुणीही माझ्यासारखाच अंदाज बांधेल. वेव्ह फाईलच्या ठरलेल्या क्रमात चौथा चॅनेल सबवूफरचा असतो. कन्व्हर्टरला तुमचे माईक दिसत नाहीत, त्याला फक्त आकडे दिसतात. सहा चॅनेल दिसले की तो समजतो, हा थिएटरचा ५.१ आवाज आहे. मग स्टिरिओ करताना चौथा चॅनेल तो वगळतो, कारण सबवूफरची गुरगुर दोन छोट्या स्पीकरमध्ये घालून उपयोग नसतो. एफएफएमपेग नावाचं जे सॉफ्टवेअर आज निम्म्या कन्व्हर्टरांच्या पोटात आहे, ते काही वेगळं सांगितलं नाही तर हेच करतं. किकरीसमोरचा माईक चौथ्या नंबरच्या सॉकेटला लावलेला असणार. तीन तारांच्या वाद्याला मशीनने सबवूफर ठरवलं आणि काढून टाकलं. कुणाचाही वाईट हेतू नव्हता, आणि कुणी ऐकूनही पाहिलं नव्हतं.

चारच चॅनेल असते तर तीच किकरी वाचली असती, पण "मागचा स्पीकर" म्हणून आवाज कमी करून मिसळली गेली असती. कारण चार चॅनेल दिसले आणि दुसरं काही लिहिलेलं नसलं की हेच सॉफ्टवेअर तिसऱ्या माईकला मधला आणि चौथ्याला मागचा समजतं. गंमत आहे की नाही? आपण माईक कुठे ठेवला याला काही अर्थच नाही, वायर कुठल्या भोकात खुपसली यावर इतिहास ठरणार!

आता थोडं थिअरीकडे. घाबरू नका, यावर ओरलमध्ये प्रश्न येत नाहीत. (सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण मग मेसमध्ये मला विचारायला येऊ नये.)

बहुचॅनेल वेव्ह फाईल आतून कशी असते? पहिल्या माईकचं पहिलं सँपल, दुसऱ्याचं पहिलं, तिसऱ्याचं पहिलं, असं सहाव्यापर्यंत. मग परत पहिल्याचं दुसरं, दुसऱ्याचं दुसरं. सेकंदाला ४८,००० वेळा हा फेरा. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोफ नाच पाहिला असेल. रंगीत फिती धरून पोरी फिरतात आणि मध्ये वेणी विणली जाते. फाईल म्हणजे तो गोफ. चॅनेल वेगळे करणं म्हणजे त्याच पावलांनी उलटं फिरून गोफ सोडवणं. प्रत्येक फीत जशीच्या तशी हातात येते, एक धागाही कमी होत नाही. सहा मोनो फाईल करा, परत सहाची एक करा, शेवटच्या बिटपर्यंत तीच फाईल मिळते.

मिक्स करणं ही मात्र संपूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिथे सहा आकड्यांची बेरीज करून एक आकडा लिहितात. बेरीज १७ आली एवढंच कळलं तर त्यातले सहा आकडे कोणते होते हे कुठलाही गणिताचा सर सांगू शकणार नाही. ज्वारी, मूग आणि मेथ्या एकत्र दळल्यावर पिठातून मूग निवडायला बसल्यासारखं आहे ते. आपले लोक "कन्व्हर्ट केलं" या एकाच शब्दात गोफ सोडवणं आणि दळण दळणं, दोन्ही बसवतात. माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

आणि बेरीज तरी निर्मळ असते का? एकच ढोल दोन माईकमध्ये जातो, एक माईक दुसऱ्यापेक्षा एक मीटर लांब. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे लांबच्या माईकवर तो जवळजवळ २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोघांची सारख्या वजनाने बेरीज केली की १७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा उलट्यासुलट्या होऊन एकमेकींना खातात. मग ५१५ ला, मग ८५७ ला, असं वर वर. ग्राफ काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. ऐकायला ढोल पत्र्याच्या डब्यासारखा लागतो आणि माणूस नळीतून बोलल्यासारखा. वेगळे चॅनेल हातात असतील तर एक २.९ मिलिसेकंद सरकवा, झालं काम. मिक्स झाल्यावर सरकवणार काय, कपाळ?

एमपीथ्रीबद्दल मला राग नाही. बसमध्ये गाणी ऐकायला ती छान आहे. त्या फॉरमॅटचे पेटंटसुद्धा २०१७ पर्यंत संपले, कुणीही वापरावी. पण साध्या एमपीथ्रीत दोनच चॅनेल मावतात, आणि जे कानाला ऐकू येणार नाही असं तिला वाटतं ते ती कायमचं टाकून देते. त्या एमपीथ्रीवरून परत एमपीथ्री केली की आणखी टाकते. सबमिशनच्या आदल्या रात्री मिळणारी झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स आठवा. पहिल्या बेंचवरच्या मुलीच्या वहीत सर्किट असतं, आपल्या हातात पोचेपर्यंत रेझिस्टरचा कपॅसिटर झालेला असतो. काहीजण शहाणपणा करून चॅनेल वेगळे करतात आणि प्रत्येकाची वेगळी एमपीथ्री करून ठेवतात. त्यात आणखी एक खोच आहे. एमपीथ्री करताना आणि उघडताना सुरुवातीला हजारेक सँपलची शांतता घुसते. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत. एका चॅनेलची कापली गेली आणि दुसऱ्याची राहिली की ढोल आणि टाळी वीस-पंचवीस मिलिसेकंदांनी फाकतात. म्हणून वेगळे केलेले चॅनेल ठेवायचे तर वेव्हमध्ये नाहीतर फ्लॅकमध्ये. फ्लॅक २००१ मध्ये आलं, फुकट आहे, आठ चॅनेलपर्यंत घेतं आणि एक बिटही न टाकता फाईल बारीक करतं. झिप फाईल जशी, तसंच.

"पण जागा किती लागते!" असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून हिशोब देऊन टाकते. आवाज जतन करणाऱ्या संग्रहांची आयएएसए म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे कमीत कमी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सहा चॅनेल गुणिले तीन बाइट गुणिले ४८,००० म्हणजे सेकंदाला ८,६४,००० बाइट. तासाला ३.११ जीबी. १२८ केबीपीएसची एमपीथ्री तासाला ५८ एमबीसुद्धा होत नाही. फरक मोठा आहे, मान्य. पण ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर या हिशोबाने वीस तास मावतात, म्हणजे दिवाळीतल्या पाच रात्री, चार-चार तास. आपल्या विंगमध्ये एकेकीकडे त्याच्या दुप्पट जागा फक्त सीरियलींनी अडवली आहे. नावं घेत नाही.

हो, एक सावधगिरी. जुन्या पद्धतीची वेव्ह फाईल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने ती बनवली तेव्हा आकार लिहायला ३२ बिटच ठेवले होते. वरच्या हिशोबाने १ तास २३ मिनिटांच्या आत ही हद्द येते. बरेच रेकॉर्डर आपोआप नवीन फाईल सुरू करतात. ते तुकडे क्रमाने जोडायचे असतात. पहिला तुकडा ठेवून बाकी "डुप्लिकेट" म्हणून डिलीट करणारे महाभाग मी ऐकून आहे.

आमच्या भागाचा आवाज याआधी कुणीच टिपला नाही असं नाही. फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये, मारलवाई गावात राहिले. तेव्हा आम्ही आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. १९४८ मध्ये त्यांचं 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' प्रसिद्ध झालं. त्याच मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये गुस्साडी नाचासाठी पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. कोलामीचं तर आणखी विशेष. बरो आणि एमेनो यांच्या द्रविड व्युत्पत्तिकोशात किनवटच्या कोलामीचे शब्द वेगळी खूण करून दिलेले आहेत. आमच्या तालुक्याचं नाव जगभरच्या भाषातज्ज्ञांना एका छोट्या संक्षेपाने माहीत आहे, आणि आमच्या हॉस्टेलमध्ये मात्र "किनवट? ते गडचिरोलीत का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतो.

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९१३ ते १९२९ च्या दरम्यान भारतातल्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या होत्या. आता त्या डिजिटल करून शिकागो विद्यापीठाने सगळ्यांना ऐकायला ठेवल्यात. त्यात बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत सांगितलेली आहे, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सला ती आमच्याकडून पाठ करून घेतली होती, त्यामुळे भाषा कळली नाही तरी मला गोष्ट कुठपर्यंत आली ते कळतं! शंभर वर्षांपूर्वीच्या कर्ण्यातला एकुलता एक चॅनेल, खरखर, तरीही तो माणूस बोलताना ऐकू येतो. कारण तबकडी कुणी "फायनल झाल्यावर" फोडून टाकली नाही.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण द्यायचं तर जात्यावरच्या ओव्यांचं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमा केल्या. बर्नार्ड बेल हे मूळचे कॉम्प्युटर इंजिनिअर (ऐका, ऐका!) नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळाले, १२० तासांच्या वर रेकॉर्डिंग केलं आणि डेटाबेस बांधला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या त्यातल्याच, १९९६ च्या. पॉइटवां २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पण मूळ आवाज, गाणारीचं नाव, गाव आणि ओवीचा मजकूर एकमेकांना बांधून ठेवलेले होते, म्हणून २०१७ पासून 'परी' ही संस्था तो खजिना परत लोकांपुढे आणू शकली. नुसती "ओवी फायनल २ न्यू" नावाची फाईल असती तर कुणी काय करणार होतं?

माझी रूम पार्टनर कॉम्प्युटरची आहे. तिचं म्हणणं, "एवढं काय रडतेस, एआय आहे ना! मिक्समधून सगळं वेगळं करून देतो." खरंय, करतो. २०१९ मध्ये स्प्लीटर आणि डेमक्स असे दोन प्रोग्राम आले, फुकट, आणि गाण्यातून आवाज, ड्रम्स, बास वेगळे करतात. बीटल्सच्या १९६९ च्या मोनो टेपमधून बोलणं आणि गिटार वेगळं करून २०२१ ची 'गेट बॅक' डॉक्युमेंटरी झाली. जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवर पियानोत बुडालेला त्याचा आवाज वर काढून २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' हे गाणं आलं. मी तो पेन ड्राइव्हवाला आवाज त्या प्रोग्रामला दिला. त्याने दादांच्या आवाजाची लांबलेली टोकं आणि किकरीचा उरलासुरला आवाज एकत्र करून "इतर" नावाच्या डब्यात टाकला. बरोबरच आहे, त्याला जे शिकवलं त्यात ड्रम सेट होता, बास गिटार होती. किकरी त्याने जन्मात ऐकलेली नाही. त्याला किकरी शिकवायची तर किकरीचं एकटीचं, स्वच्छ, वेगळ्या चॅनेलवरचं रेकॉर्डिंग पाहिजे. म्हणजे फिरून भोपळे चौकात! जे वेगळं ठेवलं नाही ते मशीन वेगळं करेल, पण आधी वेगळं ठेवलेलं त्याला दाखवलं तरच. शिवाय मशीन जे काढून देतं ते त्याचा अंदाज असतो. बीटल्सच्या बाबतीत अंदाज चुकला तर ओरडायला जगभर लोक आहेत. आमच्या वाडीवर किकरी ओळखणारे किती उरलेत?

दुसरा आक्षेप आमच्या एका सरांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणाले, "मूळ फाईल सगळ्यांना वाटत सुटलात तर उद्या कुणीही त्यावर रिमिक्स करील." हा धोका आहेच. पण मला वाटतं वेगळे चॅनेल असणं इथे उलट उपयोगी पडतं. कथेच्या मध्ये म्हातारी माणसं घरचं बोलतात, कुणाच्या जमिनीचं, कुणाच्या सुनेचं. ते एका माईकवर असतं. तेवढा चॅनेल तेवढ्या वेळापुरता बंद करून बाकीचं देता येतं. मिक्समध्ये एकतर सगळं द्या नाहीतर सगळं झाका. आणि काय द्यायचं, काय झाकायचं हे गाणाऱ्याने ठरवावं, रेकॉर्डर ज्याचा त्याने नव्हे. त्यासाठी मूळ फाईलची एक प्रत वाडीवरच पाहिजे. लग्नाचा अल्बम फोटोग्राफरच्या घरी ठेवून आपल्याला एक पासपोर्ट फोटो मिळाला तर चालेल का आपल्याला?

गुडगावला आवाजांचा एक मोठा संग्रह आहे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा. तो १९८२ मध्ये सुरू झाला तो पुण्यात, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं होतं. तिथे देता येईल, द्यावंही. पण इस्लापूरचा माणूस गुडगावला ऐकायला कधी जाणार? म्हणून माझी मागणी अगदी जवळची आहे. आपल्या लायब्ररीच्या सर्व्हरवर मागच्या सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, शिवाय गॅदरिंगचे व्हिडिओ. त्याच सर्व्हरवर थोडी जागा या कामाला द्यावी. ईअँडटीसीच्या लॅबमधला आठ चॅनेलचा इंटरफेस वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, कव्हर काढून पुसला जातो. तो दिवाळीच्या आणि होळीच्या सुट्टीत सही घेऊन विद्यार्थ्यांना बाहेर न्यायला मिळावा. दिवाळीत गोंडांची दंडार निघते, ढोल आणि पेपऱ्याच्या साथीने वाडीवाडीला जाते. होळीला तांड्यावर लेंगी असते. आपल्याच हॉस्टेलमध्ये किनवट-माहूरची, हदगावची, उदगीरकडची मुलं आहेत. प्रत्येकाच्या गावाला भजनी मंडळ आहे, भारुड आहे, पोतराज आहे, वासुदेव आहे. यावर फायनल इयरचे प्रोजेक्ट का होऊ नयेत? तेच ते ट्रॅफिक सिग्नल आणि अंधांची काठी किती वर्षं करणार आपण? (विभागप्रमुखांनी राग मानू नये. काठी चांगलीच आहे. पण पाच बॅचची एकच काठी आहे.)

काम काही फार मोठं नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं की प्रत्येक माईकजवळ जाऊन मोठ्याने बोलायचं, "चॅनेल चार, किकरी, अमुक वाडी, अमुक तारीख." फाईलचं नाव बदललं, हार्ड डिस्क बदलली, तरी तो आवाज चॅनेलच्या आतच राहतो. कुठल्याही कन्व्हर्टरला तो पुसता येत नाही, फार तर तो चॅनेलच टाकून देईल, आणि टाकलेला लगेच लक्षात येईल. सगळे माईक एकाच रेकॉर्डरला लावायचे. दोन मोबाइल ठेवून मग जोडू म्हणणाऱ्यांसाठी सांगते, प्रत्येक यंत्राच्या घड्याळाचा क्रिस्टल थोडा वेगळा पळतो. दहा लाखात वीसचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, आणि शेवटी टाळी आधी आणि ढोल नंतर. घरी आल्यावर मूळ फाईलला हात लावायचा नाही, तिची प्रत करायची. प्रतीचे चॅनेल ऑडॅसिटीत वेगळे करून प्रत्येकाची वेगळी मोनो फाईल काढायची, एक्स्पोर्ट करताना अनेक फाईलींचा पर्याय निवडून. साधं एक्स्पोर्ट दाबलं तर ते सहसा स्टिरिओत मिक्स करून मोकळं होतं, हे लक्षात ठेवा. मग प्रत्येक फाईल हेडफोन लावून ऐकायची, वाजवणाऱ्याला शेजारी बसवून. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मला तरी किकरी कमी आहे हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं नसतं, बाबांना कळलं.

दादांबरोबर गेलेली कथा परत येणार नाही. पण बाबांना तिचे बरेच तुकडे येतात, किकरी तर येतेच, आणि त्यांचा नातू गातो. यंदाच्या सुट्टीत मी लॅबच्या इंटरफेससाठी अर्ज दिला आहे, अजून सही झालेली नाही. सही झाली तर दोन माईक स्टँड आणि एकजण वायरी गुंडाळायला हवा आहे. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी, एसटीचं तिकीट ज्याचं त्याने. येणाऱ्याने लेडीज हॉस्टेलच्या गेटवर माझ्या नावाने चिठ्ठी ठेवावी. सही झाली नाही तर पप्पांच्या दुकानातून चार चॅनेलचा एक जुना रेकॉर्डर भाड्याने आणायचं बोलणं चाललंय, तेव्हा चिठ्ठी तरीही ठेवावी.